दिवाळीच्या सुट्टीत सड्यावर: उक्षी, कशेळी, बारसू

रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं बघायची तर उन्हं तिरपी असतानाच. चित्र रंगवलेलं नाही, जांभ्या दगडाच्या कातळात कोरलेलं आहे. रेषेत सावली पडली तरच ते उठून दिसतं. भर दुपारी पायाशी असूनही कळत नाही.

उक्षीला आम्ही सकाळी लवकर गेलो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, एकटाच कोरलेला हत्ती, भोवती जांभ्याचा कठडा. मुलांना तो लगेच ओळखता आला, म्हणून सुरुवात इथूनच करा.

कशेळी मात्र सावकाश बघायची जागा. पावस, पूर्णगड करत सागरी रस्त्याने गेलो. इथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या अंगात इतर प्राणी, मासे, पक्षी कोरलेले. एका जागी उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही. आम्ही कडेकडेने फिरलो, मुलांनी सापडेल तो प्राणी वहीत काढला. धाकटी सोंडेपासून शेपटीपर्यंत चालत गेली आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही. एवढं मोठं चित्र काढणाऱ्याने वरून न बघता प्रमाण कसं साधलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ऊन चढल्यावर जवळच्या कनकादित्याचं दर्शन घेतलं. देवळात आईंनाही निवांत बसता आलं.

बारसूसाठी दुसरा दिवस ठेवा. मधोमध माणूस आणि दोन्ही अंगांना वाघ, हे शिल्प उतरत्या उन्हात बघायला हवं. तिन्ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत गेली आहेत. तरी सडा तो सडाच: सावली नाही, पाणी नाही. टोपी, भरपूर पाणी आणि चांगले बूट हवेतच. गवत वाळलेलं असतं तेव्हा, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, रेषा जास्त मोकळ्या दिसतात. आम्हाला काही ठिकाणी गवत आडवं आलं.

गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याचे पैसे मनापासून द्या. मोबाइलवरचा नकाशा सड्यापर्यंत नेतो, पुढे सगळा कातळ सारखाच. फोटोसाठी रेषांत खडू किंवा चुना भरू नका, चित्रावर पाय देऊ नका. मुलांना हे गाडीतून उतरायच्या आधीच सांगा, कारण मोकळा सडा दिसला की ती धावतात.