व्हिएन्नाहून दुब्रोवनिक, व्हाया मोस्तार: शेंगेन व्हिसावरच्या प्रवासाचा वृत्तांत

व्हिएन्ना, झाग्रेब, स्प्लिट आणि दुब्रोवनिक असा मार्ग धरून, दुब्रोवनिकहून एका दिवसासाठी बोस्नियातील मोस्तारला जाऊन परतण्याचा बेत आम्ही आखला, तेव्हा पाहण्याच्या ठिकाणांआधी सीमांची यादी केली. नकाशावर हा प्रवास दक्षिणेकडे सरळ उतरत जाणारा दिसतो. व्हिसाच्या दृष्टीने मात्र त्यात एकदा, बोस्नियात जाताना, शेंगेन क्षेत्राबाहेर पडणे आणि पुन्हा आत येणे आहे, आणि अर्ज, तिकिटांचा क्रम व विमा या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. युरोपात जाणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष व्हिसा मिळेल की नाही यावर असते. मिळालेल्या व्हिसावर नेमके काय लिहिले आहे, हे माझ्या मते त्याहून महत्त्वाचे आहे.

लक्झेम्बर्गमधील शेंगेन गावी १९८५ साली पाच देशांनी केलेल्या करारातून उभे राहिलेले, एकाच व्हिसावर फिरता येईल असे क्षेत्र आज २९ देशांचे झाले आहे. त्यात युरोपीय संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिश्टेनश्टाइन आहेत. उलट आयर्लंड आणि सायप्रस हे संघाचे सदस्य असूनही त्यात नाहीत. आमच्या मार्गासाठी महत्त्वाची तारीख होती १ जानेवारी २०२३. त्या दिवशी क्रोएशिया शेंगेनमध्ये आला आणि त्याच दिवशी तेथे युरो हे चलनही लागू झाले. त्यामुळे त्याआधी छापलेल्या मार्गदर्शक पुस्तकांतील क्रोएशियाच्या व्हिसाविषयीचा मजकूर सरळ ओलांडून पुढे जावे. बल्गेरिया आणि रोमेनियाच्या बाबतीत हाच बदल टप्प्याटप्प्याने होऊन १ जानेवारी २०२५ पासून भूसीमांवरही लागू झाला.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा पहिला प्रश्न. ज्या देशात प्रवासाचा मुख्य हेतू आहे किंवा ज्या देशात सर्वांत अधिक दिवस राहायचे आहे त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे, असा नियम आहे. आमचे उतरणे ऑस्ट्रियात असले तरी बहुतेक मुक्काम क्रोएशियात होते, म्हणून अर्ज क्रोएशियाकडे केला. ज्या देशाच्या भेटीची वेळ लवकर मिळते त्या देशाकडे अर्ज करून प्रत्यक्षात दुसरीकडेच राहण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती करू नये. प्रवेशाच्या वेळी अधिकारी मुक्कामाची आरक्षणे पाहू शकतो, आणि अर्जातील हेतूशी ती जुळली नाहीत तर व्हिसा रद्दही होऊ शकतो. याउलट, क्रोएशियाने दिलेल्या व्हिसावर ऑस्ट्रियातून आत शिरणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयासाठी साधारणपणे १५ दिवसांची मुदत असते, पण अधिक छाननी आवश्यक वाटल्यास ती ४५ दिवसांपर्यंत वाढते, हे लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना ते माफ आहे; अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क याहून वेगळे असते. पासपोर्टच्या बाबतीत तीन अटी एकदमच पूर्ण व्हाव्या लागतात: तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, शेंगेन क्षेत्र सोडण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावा, आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावीत.

आमच्यासोबत माझी अल्पवयीन भाची होती आणि तिचे आईवडील येणार नव्हते. तिच्या अर्जावर पालकांच्या सह्या, दोघांचे नोटरीकडून प्रमाणित केलेले संमतीपत्र, जन्माचा दाखला आणि पालकांच्या पासपोर्टच्या प्रती जोडल्या. संमतीपत्रात प्रवासाच्या तारखा, देश आणि सोबत जाणाऱ्या प्रौढाचे नाव स्पष्ट असावे, आणि त्याची मूळ प्रत सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवावी. आमच्याकडे ते दोनदा मागितले गेले.

विम्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात वैधता, आणि तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणे, मायदेशी परत आणणे व मृत्यू यांचा समावेश, एवढे असले की व्हिसाची अट पूर्ण होते. परंतु 'शेंगेन' असे नाव दिलेली स्वस्त पॉलिसी बोस्नियात लागू असेलच असे नाही. आम्ही भौगोलिक व्याप्तीचे कलम वाचून संपूर्ण युरोप समाविष्ट असलेली पॉलिसी घेतली. व्हिसा अधिकाऱ्याला याने काही फरक पडत नाही. मोस्तारच्या गुळगुळीत दगडी उतारावर पाय घसरला तर आपल्याला पडतो.

अर्जात किती प्रवेश हवेत, म्हणजे त्या व्हिसावर क्षेत्रात किती वेळा यायचे आहे, असा रकाना असतो. तेथे आम्ही अनेक प्रवेश मागितले आणि सोबतच्या पत्रात मोस्तारला जाण्याचा दिवस, जाण्यायेण्याचे साधन आणि दुब्रोवनिकमधील मुक्काम कायम असल्याचे आरक्षण नमूद केले. नुसती मागणी करण्यापेक्षा तिचे कारण मार्गातच दिसले, तर ती मान्य होण्याची शक्यता वाढते असे मला वाटते. हातात पडलेल्या स्टिकरवर तीन गोष्टी ताबडतोब तपासाव्यात. पहिली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत; दुसरी, राहण्याचे दिवस; तिसरी, प्रवेशांची संख्या, जी एक, दोन किंवा 'मल्ट' (म्हणजे अनेक) अशा संक्षेपाने लिहिलेली असते. पहिल्या दोन गोष्टींत गल्लत फार होते. प्रवास थोडा पुढेमागे झाला तर अडचण होऊ नये म्हणून व्हिसाच्या कालावधीत सहसा १५ दिवसांची सवलत जोडलेली असते, पण राहण्याचे दिवस त्यामुळे वाढत नाहीत. महिनाभराची खिडकी उघडी दिसली तरी आत राहायला परवानगी पंधराच दिवसांची असू शकते. नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्टचा क्रमांक यांत काही चुकले असेल तर ते निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे.

व्हिएन्नाला आम्ही शेंगेनबाहेरून थेट उतरलो, म्हणून प्रवेशाची तपासणी तेथेच झाली. ज्यांचे विमान म्युनिक किंवा फ्रँकफुर्टमार्गे जाते त्यांची तपासणी त्या पहिल्या विमानतळावर होते आणि पुढचे उड्डाण देशांतर्गत असल्यासारखे असते. म्हणून जोडविमानासाठी घसघशीत वेळ ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून पासपोर्टवरच्या शिक्क्यांची जागा ती घेते. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांच्या बोटांचे ठसे सीमेवर घेतले जातात. व्हिसाधारकांचे ठसे अर्जाच्या वेळीच व्हिसा प्रणालीत गेलेले असल्याने सीमेवर ते केवळ पडताळले जातात आणि चेहऱ्याचे छायाचित्र नोंदवले जाते. खिडकीतील अधिकाऱ्याने व्हिसा क्रोएशियाचा असताना व्हिएन्नात का उतरलात, असे विचारले. मुक्कामांची तारीखवार छापील यादी पुढे केल्यावर त्याचे समाधान झाले. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. हेतू, मुक्काम, परतीचे तिकीट आणि खर्चाची तजवीज यांविषयी सीमेवर पुन्हा विचारणा होऊ शकते. फोनची बॅटरी संपली म्हणून आरक्षण दाखवता येत नाही, हे कारण तेथे ऐकून घेतले जाईलच असे नाही, म्हणून कागद छापून न्यावेत.

व्हिएन्ना ते झाग्रेब रेल्वे स्लोव्हेनियातील मारिबोरमार्गे जाते. अंतर्गत सीमांवर तपासणी नसते असे आपण वाचलेले असते; प्रत्यक्षात ऑस्ट्रियाने २०१५ पासून स्लोव्हेनियाच्या सीमेवर आणि स्लोव्हेनियाने ऑक्टोबर २०२३ पासून क्रोएशियाच्या सीमेवर तात्पुरती म्हणून आणलेली तपासणी पुन्हा पुन्हा वाढवली गेली आहे. आमच्या डब्यात पोलीस आले, पासपोर्ट पाहिले आणि गेले. यात प्रवेशाची गणती होत नाही, पण पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून शेजारच्या देशात भटकंती करू नये.

झाग्रेबहून स्प्लिटला आणि स्प्लिटहून दुब्रोवनिकला आम्ही बसने गेलो. दुब्रोवनिकला रेल्वे नाही. आता या मार्गावरचा सर्वांत गमतीचा आणि व्हिसाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. क्रोएशियाचा दक्षिण टोकाचा प्रदेश उरलेल्या देशापासून तुटलेला आहे, कारण मध्ये न्यूमजवळ बोस्नियाची सुमारे वीस किलोमीटरची किनारपट्टी समुद्रापर्यंत येते. याचे मूळ सतराव्या शतकाच्या अखेरीस आहे: १६९९ च्या कार्लोवित्स तहाच्या वेळी दुब्रोवनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसशी थेट सीमा भिडू नये म्हणून ही पट्टी ऑटोमन साम्राज्याकडे जाऊ दिली. शेजारी टाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था आजच्या व्हिसाधारकाला भोवते, कारण जुन्या किनारी महामार्गाने गेल्यास शेंगेनमधून बाहेर पडून अर्ध्या तासात पुन्हा आत यावे लागते. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्याने तेथून गेल्यास तो प्रवेश बाहेर पडताच संपतो. २६ जुलै २०२२ रोजी खुला झालेला, सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा पेल्येशात्स पूल नेमका यासाठीच उपयोगी आहे. त्यावरून गेल्यास क्रोएशिया सोडावाच लागत नाही. म्हणून बसचे तिकीट घेताना गाडी पुलावरून जाते की न्यूमवरून, हे स्पष्ट विचारावे, आणि भाड्याची मोटार घेतल्यास नकाशावरील मार्ग आधीच पक्का करावा, कारण मार्ग दाखवणारे यंत्र अंतर आणि वेळ पाहते, आपला व्हिसा पाहत नाही. मोटार न्यूममधून न्यायची असेल तर भाडेकराराप्रमाणे सीमापार नेण्याची परवानगी आणि विमा आहे का, हेही पाहावे.

मोस्तारची सहल आम्ही दुब्रोवनिकमधून बसने केली. आम्ही गेलो तेव्हा अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असलेल्यांना अल्प मुक्कामासाठी बोस्नियाचा वेगळा व्हिसा लागत नव्हता. ही सवलत बोस्नियाची स्वतःची आहे आणि ती केव्हाही बदलू शकते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खात्री करावी. दोन प्रवेशांच्या व्हिसावर ती मिळेल असे गृहीत धरू नये. आमच्या बसमधील एका प्रवाशाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. वाहकाने निघण्यापूर्वीच पासपोर्ट पाहून त्याला बाजूला घेतले, सगळे समजावले आणि तो उतरून गेला. सीमेवर असे कोणी भेटेलच असे नाही. जाताना क्रोएशियाची निर्गमन तपासणी आणि बोस्नियाची प्रवेश तपासणी, येताना तेच उलट क्रमाने, असे चार थांबे होतात आणि उन्हाळ्यात परतीची रांग लांबते. त्याच संध्याकाळचे विमान पकडण्याचा विचार करू नये. १९९३ च्या युद्धात पडलेला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिलेला मोस्तारचा पूल या खटपटीच्या मोबदल्यात पुरेपूर आनंद देतो.

राहण्याचे दिवस मोजताना प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी सुटणारे विमान म्हणजे आणखी एक दिवस. कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवस, ही कमाल मर्यादा कॅलेंडरच्या सहामाहीवर नव्हे, तर त्या त्या दिवसापासून मागे मोजली जाते. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर त्यासाठी गणकयंत्र आहे. दुब्रोवनिकहून थेट शेंगेनबाहेर उडाल्यास निर्गमन तेथेच नोंदले जाते, दुसऱ्या शेंगेन विमानतळावरून गेल्यास त्या विमानतळावर.

परतल्यावर विमानाचे बोर्डिंग पास आणि हॉटेलच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण शिक्का नसल्याने पासपोर्ट पाहून कोणाला काही कळणार नाही आणि संगणकातील नोंदीविषयी शंका आलीच तर हाच पुरावा. व्हिसा योग्य रीतीने वापरल्याचा इतिहास पुढच्या अर्जात उपयोगी पडतो. भारतीय पासपोर्टधारकांसाठी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या व्यवस्थेनुसार, मागील तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेल्यांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. बोटांचे ठसे ५९ महिन्यांपर्यंत पुन्हा वापरता येतात. त्यासाठी नव्या अर्जात आधीचे ठसे दिल्याची तारीख आणि जुन्या व्हिसाच्या स्टिकरचा क्रमांक माहीत असल्यास लिहायचा असतो, म्हणून पासपोर्ट नूतनीकरणासाठी देण्यापूर्वी त्या पानाची प्रत काढून ठेवावी.