जास्वंदीवरचा कॅमेरा

इको व्हॅनचा सायलेन्सर काढायला सराईत चोराला जॅक, पाना आणि थोडा वेळ पुरतो. गाडी खालून मोकळी, बोल्ट हाताशी. चोराला पत्र्याचं काही पडलेलं नसतं, त्याला आतली ‘माती’ हवी असते. धूर कमी विषारी व्हावा म्हणून बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. माती म्हणतात ती हीच.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीबाहेर शाळेची मुलं नेणारी अशीच एक इको उभी असायची. एका सकाळी व्हॅनवाल्याने स्टार्टर मारला आणि ट्रॅक्टर शिरल्यासारखी गल्ली हादरली. सेक्रेटरींचा मला लगेच फोन. मी सीसीटीव्ही बसवतो. सोसायटीचे कॅमेरे दुसऱ्या कोणीतरी लावलेले, पण माझं दुकान जवळ.

गेलो तर चौकीचे हवालदार स्क्रीनसमोर बसलेले आणि चार-पाच सभासद त्या स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून ग्रुपवर टाकतायत. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. गेटवरचा कॅमेरा महागातला, पण बारा फुटांवर, तोंड खाली करून. रात्री इन्फ्रारेड दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगापुढेच जाळं विणतो. जाळ्यावर उजेड पडला की चित्र दुधाळ. त्या दुधातून दोन टोप्या आणि एक स्कूटर दिसत होती. नंबरप्लेटच्या जागी कोरा पांढरा चौकोन. हाय सिक्युरिटी प्लेटचा पत्रा उजेड परत फेकतो, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये आकडे बहुतेक वेळा उडून जातात.

मला आठवले समोरच्या बंगल्यातले नाना. पहाटे फिरायला निघालेली भली माणसं दुसऱ्याच्या कुंपणावरची फुलं देवाला नेतात, हा पुण्यातला जुना गुन्हा. नानांच्या जास्वंदीवर रोज डल्ला पडायचा, म्हणून त्यांनी माझ्याकडून एकच कॅमेरा बसवून घेतला होता. माझ्या डोक्यावर उभं राहून. “वरून टक्कल दिसून मला काय करायचंय? तोंड दिसलं पाहिजे,” म्हणाले. त्यामुळे तो कॅमेरा खिडकीच्या खाली, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि वर रात्रभर जळणारा एलईडी बल्ब. बल्बमुळे चित्र रंगीत. इंटरनेट जोडायला मात्र त्यांनी साफ नकार दिला होता.

नानांच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळं होतं. दोघांपैकी एक गाडीखाली गेला. दुसरा पहारा द्यायला नेमका जास्वंदीशेजारी येऊन उभा राहिला आणि टोपी मागे सारून मोबाइल बघत बसला. पूर्ण चेहरा. मागे स्कूटर, तिचं एका बाजूचं पॅनेल निळं आणि दुसरीकडचं काळं.

हवालदार म्हणाले, “व्हॉट्सअॅप करा मला.” ओळख पटवायला तेवढं चालतं, पण कोर्टात चालत नाही, कारण पाठवताना फाइल दाबली जाते. म्हणून तपास अधिकारी पंच घेऊन आल्यावर रेकॉर्डरमधून मूळ फाइल नव्या पेन ड्राइव्हवर उतरवली, तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, काढला आणि ती ६४ अक्षरं पंचनाम्यात गेली. फाइलमध्ये एक बिट जरी बदलला तरी ही अक्षरं वेगळीच येतात. शिवाय नेट नसल्याने रेकॉर्डरचं घड्याळ १८ मिनिटं मागे पडलं होतं. ते ‘दुरुस्त’ करून टाकावं असा सेक्रेटरींचा आग्रह. मी हात लावू दिला नाही. रेकॉर्डरची वेळ, खरी वेळ आणि दोन्हींतला फरक, सगळं जसंच्या तसं लिहायला लावलं.

राहिलं प्रमाणपत्र, म्हणजे ही डिजिटल नक्कल कोणत्या यंत्रातून, कशी घेतली ते लिहून देणं. जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं ठरवलं. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, म्हणजे नानांचा. दुसरा तज्ज्ञाचा, तो पोलिसांनी त्यांच्या तज्ज्ञाकडून करून घेतला. “त्यापेक्षा रेकॉर्डरचा डबाच कोर्टात घेऊन जा की,” असं मी नानांना सुचवलं, तर म्हणाले, “आणि फुलांचं काय?”

पकडापकडीत माझा काही हात नाही. दोन रंगांच्या स्कूटरमागे पोलीस दुकानादुकानाचे कॅमेरे बघत वारज्यापर्यंत गेले आणि थोड्याच दिवसांत दोघेही सापडले. खोलीत बरेच सायलेन्सर निघाले. अडचण वेगळीच होती: सायलेन्सरवर गाडीचा नंबर नसतो. हा ह्याच व्हॅनचा हे ठरवायचं कसं? व्हॅनवाल्याने एका सायलेन्सरच्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं. तुटला होता तेव्हा गॅरेजवाल्याने वेल्डिंग केलेलं, तेही तिरकं, आणि त्यावरून दोघांचं भांडण झालेलं. गॅरेजवाला साक्षीदार झाला. स्वतःचं वाईट काम शपथेवर ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

शिवाजीनगर कोर्टात नानांची साक्ष माझ्याआधी. बचावाच्या वकिलांनी विचारलं, “गाडीवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला नव्हता ना?” नाना म्हणाले, “नाही, फुलं चोरीला जातात म्हणून.” मागे कोणीतरी हसलं. “मग त्यात रस्ता कसा दिसतो?” “फुलं कुंपणाबाहेर येतात ना, आतली कोण तोडतंय!”

माझा उलटतपास घड्याळावरूनच सुरू झाला.

“रेकॉर्डिंगवर ३ वाजून ३४ मिनिटं दिसतायत. तुम्ही म्हणता चोरी ३ वाजून ५२ मिनिटांनी झाली. कोणतं खरं?”

“रेकॉर्डर १८ मिनिटं मागे होता. पंचनाम्यात आहे.”

“म्हणजे तुमचं यंत्र सदोष आहे.”

“घड्याळ मागे होतं, साहेब. कॅमेऱ्याचा...”

न्यायाधीश म्हणाले, “विचारलं तेवढंच सांगा.”

“असा व्हिडिओ संगणकावर बदलता येतो, हे खरं आहे का?”

“खरं आहे. पण बदलला तर हॅश जुळत नाही. हा जुळतो.”

उत्तराचा दुसरा भाग लिहून घेतला जाईल की नाही, याकडे माझं सगळं लक्ष. न्यायाधीशांनी तो लिहून घ्यायला सांगितला.

साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेत पहिल्या वेळी कमाल तीन वर्षं आहेत. दोघांनाही शिक्षा झाली, तेवढी नाही, पण झाली. खटला या एकाच सायलेन्सरचा होता. बाकीच्यांना ओळखणारं कोणी आलं नाही. व्हॅनवाल्याला त्याचा सायलेन्सर सुपूर्तनाम्यावर आधीच परत मिळाला होता, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करायच्या अटीवर.

निकालानंतर सोसायटीने माझ्याकडून आठ मेगापिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यांचं कोटेशन मागवलं. मी पहिली ओळ गेटजवळच्या दोन बल्बची टाकली, दुसरी एक कॅमेरा खाली उतरवण्याची आणि तिसरी जाळी झाडायच्या लांब दांड्याच्या ब्रशची. कॅमेऱ्यांचं कमिटीत मंजूर झालं. बल्ब रात्रभर जळणार म्हणजे कॉमन लाइट बिल वाढणार, तो विषय सेक्रेटरींनी वार्षिक सभेवर टाकलाय.