जुने घर विकण्याआधी नवे घर घ्यायचे असेल तर

आम्ही कोथरूडमधली आमची सदनिका विकणार आहोत आणि कर्वेनगरमध्ये दुसरी घेणार आहोत, हे कळल्यापासून नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातले सहकारी एकच सल्ला देत आहेत, की आधी विका, पैसे हातात येऊ द्या आणि मगच नव्या घराचा विसार द्या. चुलतसासऱ्यांनी तर हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नका, असे दोनदा बजावले. सल्ला चुकीचा नाही, आणि बहुतेकांसाठी तो योग्यच आहे. तरीही आम्ही आधी घेण्याचे ठरवले आहे. त्यामागचा हिशेब मी इथे सविस्तर मांडते आहे, कारण अशा विचारात असलेल्या माणसाला "जोखीम आहे" एवढेच ऐकायला मिळते, ती जोखीम रुपयांत किती आणि किती महिन्यांची हे फारसे कोणी सांगत नाही.

आमची इमारत तीन मजली आहे, तिला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही एक प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवली आहे, तिच्यावर बसून दम खाल्ल्याशिवाय त्यांना वर येता येत नाही. आधी विकायचे म्हटले तर मधल्या काळात भाड्याच्या घरात जावे लागेल, म्हणजे अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलाली आणि वर्षभरात दोनदा बांधाबांध. पैशाच्या बाजूने याचा विचार चालू असताना आई एवढेच म्हणाल्या, "एकदाच हलवा गं मला, दोनदा नको." आमच्यासाठी निर्णय तिथेच झाला. पुढचा प्रश्न उरला तो इतकाच, की हा निर्णय आपल्याला झेपणार का, आणि झेपायचा तर कोणत्या अटींवर.

प्रथम हातातून जाणाऱ्या रोख रकमेचा हिशेब. नव्या सदनिकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये ठरत आहे. गृहकर्जाची रक्कम ७५ लाखांच्या वर गेली की रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकते, म्हणजे आमच्या बाबतीत जास्तीत जास्त ९० लाख. उरलेले ३० लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरले जात नाही, त्यामुळे त्यावर कर्जही मिळत नाही, आणि ही बाब अनेकांच्या लक्षात फार उशिरा येते. पुणे महापालिका हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ८ लाख ४० हजार, आणि वर नोंदणी शुल्क ३० हजार. शिवाय आपल्याकडे हे शुल्क खरेदीखतापर्यंत, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अंतिम दस्तापर्यंत, थांबत नाही. साठेखत, म्हणजे त्याआधीचा विक्रीचा करार, नोंदवतानाच ते पूर्ण भरावे लागते आणि नोंदलेले साठेखत हातात आल्यावरच बँक कर्जाची रक्कम सोडते. एजंटाची दलाली, वकिलाची फी, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि सामान हलवण्याचा खर्च धरला की आकडा ४१ लाखांच्या आसपास जातो. ही सगळी रक्कम जुन्या घराचा एक रुपयाही हातात नसताना उभी करायची आहे. आम्ही मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड मोडून ती उभी करू शकतो, पण त्याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेवल्याखेरीज सही करायची नाही, असे आमचे ठरले आहे. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत १५ वर्षे धरली, तर ९० लाखांचा मासिक हप्ता सुमारे ८८ हजार ६०० रुपये येतो. निवृत्तीला तेवढीच वर्षे उरल्यामुळे बँक याहून लांब मुदत देणार नाही. सहा हप्त्यांचे सव्वापाच लाख मिळवले की एकूण गरज साडेसेहेचाळीस लाखांच्या घरात जाते. ज्यांच्याकडे ही गंगाजळी नाही त्यांनी आधी घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोने गहाण ठेवून किंवा वैयक्तिक कर्ज काढून हा खड्डा बुजवणे म्हणजे जुने घर पडेल त्या भावात विकण्याची तयारी करणे होय.

काही बँका अशा मधल्या काळासाठी ब्रिज लोन देतात. त्याची मुदत थोडकी असते, व्याजदर गृहकर्जापेक्षा सहसा जास्त असतो आणि जुने घरही तारण जाते. आमच्या दोघांच्या पगारावर नेहमीचेच गृहकर्ज मंजूर होत असल्यामुळे आम्ही तो मार्ग घेतला नाही. व्यक्तीने घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केलेली आहे. त्यामुळे ९० लाख घ्यायचे, जुने घर विकले की त्यातले ८० लाख एकरकमी भरायचे आणि उरलेल्या दहा लाखांसाठी हप्ता कमी करून घ्यायचा, असा आमचा बेत आहे. एकरकमी भरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्याकडे बँकेचा कल असतो. आपल्याला हप्ता कमी हवा असेल तर ते लेखी अर्जात स्पष्ट लिहावे.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. जुने घर न विकता जाणारा प्रत्येक महिना आपल्याला कितीला पडतो? ८० लाखांवर ८.५ टक्क्यांनी महिन्याचे व्याज साधारण ५७ हजार होते. त्यात रिकाम्या घराची सोसायटीची वर्गणी, मिळकत कर आणि किमान वीजबिल मिळवले की ६० हजार. जुन्या सदनिकेला आम्ही ९० लाखांची अपेक्षा धरली आहे. म्हणजे सहा महिने थांबण्याची किंमत ३ लाख ६० हजार, जी अपेक्षित किमतीच्या बरोबर ४ टक्के आहे. हा आकडा कागदावर आला आणि आमच्या घरातले बोलणेच बदलले. "८७ ला कशाला द्यायचे, ९० येतीलच की" हे वाक्य तोवर स्वाभिमानाचे वाटत होते. आता लगेच येणारे ८७ आणि सहा महिने थांबून येणारे ९० यांत पहिलेच जास्त आहेत, हे घरातल्या प्रत्येकाला मान्य आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. निव्वळ पैशाच्या हिशेबाने आधी विकणे स्वस्त पडते. कोथरूडमध्ये लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन शयनगृहांच्या घराला महिना ३० हजार भाडे गेले, तरी ९० लाखांच्या मुदतठेवीचे व्याज त्याहून जास्त येईल आणि खरेदीच्या वेळी रोख पैसे हातात असल्यामुळे घासाघीसही करता येईल. आम्ही जो जास्तीचा खर्च पत्करतो आहोत तो आईंची एक हलवाहलव वाचावी म्हणून, आणि नेमकी ही सदनिका हवी आहे म्हणून. ती आमच्या नेहमीच्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दोन आहेत. असे कारण नसेल, घरात सगळे धडधाकट असतील आणि नव्या घराबद्दल "दोन शयनगृहे, चांगली वस्ती" एवढीच अट असेल, तर आधी विकणेच शहाणपणाचे.

मधला मार्गही आहे, आणि पुण्यात तो सर्रास वापरला जातो. जुन्या घराचे साठेखत आधी करायचे, त्यात उरलेली रक्कम आणि ताबा यासाठी नव्वद दिवसांची मुदत ठेवायची आणि त्या मुदतीत नवे घर नक्की करायचे. खरेदीदाराच्या कर्जमंजुरीला एरवीही महिना-दीड महिना लागतो, त्यामुळे अशी मुदत त्यालाही गैर वाटत नाही. आम्ही हा मार्ग सोडला तो फक्त वेळेमुळे: कर्वेनगरचे मालक तेवढे थांबायला तयार नाहीत. आपले घर विकले गेले तरच हा व्यवहार पूर्ण होईल, अशी अट साठेखतात घालता येते का, असेही आम्ही विचारून पाहिले. कोणताही विक्रेता ती सहजासहजी स्वीकारत नाही, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही स्वीकारली नसती.

आयकराचा भाग मी मुद्दाम मोठा लिहिते आहे, कारण आधी घेणाऱ्यासाठी खरे घड्याळ तिथे आहे. जुने घर विकून होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरची सूट १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५४ म्हणून ओळखली जाते. नवे घर विक्रीनंतर दोन वर्षांत घेतले तर चालते, पण विक्रीच्या आधी घेतले असेल तर ते विक्रीपूर्वीच्या एका वर्षातच घेतलेले असावे लागते. आधी विकणाऱ्याला दोन वर्षे मिळतात, आपल्याला एकच. आमची सदनिका २००६ मध्ये १८ लाखांना घेतलेली आहे. ती ९० लाखांना विकली तर ७२ लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्क्यांनी ९ लाख कर होतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्क्यांचा पर्याय आहे, आणि त्या मार्गाने तो सुमारे ७ लाखांवर येतो. कलम ५४ ची सूट मिळाली तर काहीच भरावे लागत नाही. म्हणजे विक्री तेराव्या महिन्यात गेली तर त्या एका महिन्याचे मोल सात लाख. खरेदीची तारीख कोणती धरायची, साठेखताची, खरेदीखताची की ताब्याची, यावर वाद होत आले आहेत, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबून राहू नये. आम्ही नव्या घराच्या साठेखतापासून नऊ महिन्यांची स्वतःची मर्यादा घातली आहे.

याच हिशेबात नावाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे आमचे १ लाख २० हजार वाचतील. एजंट पहिल्याच भेटीत म्हणाले, "वहिनी, तुमच्या एकटीच्या नावावर घ्या ना." परंतु जुनी सदनिका यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, एकट्याच्या नावावर आहे. नफा त्यांचा आणि नवे घर केवळ माझ्या नावावर, असे झाले तर सूट मागताना आयकर खात्याशी वाद उद्भवू शकतो, आणि तिथे पणाला लागलेली रक्कम सात लाखांची आहे. सनदी लेखापालांशी बोलून आम्ही नवे घर दोघांच्या नावावर, यांचे नाव पहिले ठेवून घेण्याचे ठरवले आणि सवलत सोडली.

आमच्या इमारतीत पुनर्विकासाची चर्चा अधूनमधून होते आणि त्यामुळे विक्रीला एक वेगळाच फाटा फुटतो. "थांबा, मोठी जागा मिळेल" असे सांगणारे शेजारी मनापासून सांगतात. पण सर्वसाधारण सभेतल्या चर्चेपासून नव्या इमारतीच्या किल्ल्यांपर्यंत किती वर्षे जातात हे आजूबाजूच्या दोन गल्ल्यांतच पाहायला मिळते, आणि ती वाट पाहिली तर आपली एका वर्षाची मुदत निघून गेलेली असते. खरेदीदार मात्र पुनर्विकासाबद्दल विचारणारच. म्हणून मागच्या सभांची इतिवृत्ते मिळवून ठेवली आहेत आणि जे आहे तेच सांगायचे, कोणतेही स्वप्न विकायचे नाही, असे ठरले आहे.

कागदपत्रांची जुळवाजुळव मात्र नवे घर घेण्याआधीच पुरी करावी, हे मी आग्रहाने सांगेन. मूळ करारनामा, त्याआधीच्या मालकांचे करार, सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू), मिळकत कराची पावती, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि भागदाखला (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट). आमच्या भागदाखल्याच्या मागच्या पानावर हस्तांतरणाच्या तीन नोंदी आहेत आणि त्यातल्या मधल्या नोंदीवर सचिवांची सही आहे, पण सोसायटीचा शिक्का नाही. वीस वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाच्या मात्र पहिल्या पाचच मिनिटांत आले असते, आणि शिक्का मिळवण्यात गेलेल्या प्रत्येक महिन्याचे ६० हजार आपण मोजले असते. जुन्या घरावर कर्ज शिल्लक असेल तर तेही आधी निस्तरावे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, पण ते तीस दिवसही आपल्या मोजणीत धरायला हवेत.

विक्रीची जाहिरात नव्या घराच्या साठेखताच्याच आठवड्यात द्यायची आहे. पहिले तीन महिने ९२ लाख सांगायचे आणि ८९ च्या खाली यायचे नाही. चौथ्या महिन्यापासून ८६ पर्यंत यायची तयारी ठेवायची. सातव्या महिन्यात ८३ लाखांना, खरेदीदाराचे कर्ज आधीच मंजूर असेल तर, होकार द्यायचा. हे तिन्ही आकडे आम्ही आत्ताच, कोणताही ग्राहक दारात नसताना, एका कागदावर लिहून दोघांनी त्यावर सह्या केल्या आहेत. तो कागद विसाराच्या पावतीबरोबर एकाच फाइलमध्ये राहील.