येतो मी

दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो आणि कानात कादंबरी चालू होती. ऐकायला यासारखं काम नाही. हात गुंतलेले, डोकं रिकामं. फक्त मोजे आले की घोळ होतो; जोडी जुळवताना दोन-चार वाक्यं हमखास निसटतात. पण मोजे अजून ढिगाच्या तळाशी होते. कादंबरीत दोघा भावांचं वाजलं होतं. थोरला खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि धाकटा दारापाशी जाऊन म्हणाला, "येतो मी."

वाचणाऱ्याने ते अगदी जाता जाता म्हटलं. चपला पायात सरकवत म्हणावं तसं. मग क्षणभर काहीच नाही. आणि पुन्हा तेच. धाकटा दारापाशी जाऊन म्हणाला, "येतो मी." या खेपेला 'येतो'वर किंचित रेंगाळून.

आधी वाटलं, लेखकाचीच काही करामत असेल. पण ही कादंबरी माझी दोनदा वाचून झालेली आहे, त्यात असलं काही नाही. पंधरा सेकंद मागे गेलो. दोन्ही वाक्यं जिथल्या तिथे. पहिल्यात धाकटा निघून गेला होता. दुसऱ्यात तो परत येणार होता.

झालं काय असेल ते उघड आहे. वाचताना जीभ अडखळली, किंवा आपण म्हटलेलं आपल्यालाच पटलं नाही, की वाचणारा थांबतो आणि वाक्य पहिल्यापासून घेतो. ती जागा नंतर सापडावी म्हणून कुणी टाळी वाजवतं, कुणी कुत्र्यांना शिकवण्यासाठी असतं तसलं टिकटिक करणारं खेळणं हातात ठेवतं. पडद्यावर आवाजाच्या रेघेत तेवढ्या ठिकाणी एक काटा उभा राहतो आणि संकलन करणारा त्या काट्यापाशी जाऊन नको ते वाक्य उडवतो. इथे त्याने टाळी उडवली आणि वाक्य ठेवलं. त्याला तरी काय बोलायचं? इंग्रजी पुस्तकांत तासाला साधारण ९,००० शब्दांचा हिशेब धरतात, आणि तो एक तास हातात यायला वाचणाऱ्याला त्याच्या दुप्पट वेळ तरी बसावं लागतं. त्यात खुर्ची कुरकुरते, पोट गुरगुरतं, तोंड कोरडं पडून जीभ चटचट वाजते. त्या चटचटीवर उपाय म्हणून पुष्कळ वाचणारे हिरव्या सफरचंदाचा तुकडा चावतात म्हणे. एवढी सगळी भुतं बाटलीत भरताना एखादं वाक्य बाहेर राहिलं, तर राहिलं.

पण माझा हातातला शर्ट तसाच राहिला. कारण हा माणूस इतका वेळ मला नुसता आवाज वाटत होता. आता कळलं की एका बंद खोलीत बसून तोही अडला होता. हा धाकटा जातोय की येतोय, हे त्यालाही ठरवावं लागलं होतं.

आपल्याकडे या कामाला अभिवाचन म्हणतात. माझी तक्रार त्या 'अभि'शी आहे. अभिनयातलाच तो अभि. एकदा तो मागे लागला की वाचणाऱ्याला राहवत नाही. म्हातारा बोलला की खोकला, खलनायक बोलला की खर्ज, आणि पुरुष वाचत असेल तर बाईच्या तोंडचं वाक्य आलं रे आलं की आवाज बारीक करून मान वेळावल्यासारखं बोलणं. कादंबरीत ती बाई कारखाना चालवत असते, चार जणांना ओरडून सरळ करत असते, आणि कानात मात्र कुणीतरी हरवलेली मुलगी. लहान मुलांच्या आवाजाबद्दल तर मी बोलतच नाही. कादंबरीत पोर आलं की मी घाबरून आवाज कमी करून ठेवतो.

लेखक स्वतः वाचतो ते मला चालतं. बहुतेक लेखक वाईट वाचतात. वाक्याच्या शेवटी आवाज पाडतात, आपलाच विनोद आला की तो ओलांडून पळतात, जणू लाज वाटते. पण ते आवाज काढत नाहीत. त्यांना ती माणसं ठाऊक असतात.

हे माझं मत नाही खरं तर. आजीचं आहे.

मी दहा वर्षांचा असेन. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि शस्त्रक्रियेची तारीख दोन महिने लांब होती. तोवर रोज दुपारी तिला तासभर वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसायची, मी खाली, पाठ पलंगाला लावून. पुस्तक तीच निवडायची. कपाटाशी उभी राहून, डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. पाठीवरून हात फिरवत, जाडी चाचपत. पहिल्या दिवशी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात जिंकलेल्या बक्षिसाच्या भरात सुरू झालो. पाटलाला पाटलाचा आवाज, सुनेला सुनेचा. दीड पान तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाटक करू नकोस. वाच. माणसं मला दिसतात."

मग मी सरळ वाचायला लागलो, आणि सरळ वाचायचं म्हणजे भलतंच कंटाळवाणं काम निघालं. दहा वर्षांच्या मुलाला कादंबरीत काय नको असतं ते मी सांगतो: पाऊस. कुणाचं तरी काहीतरी होणार असतं आणि लेखक पानभर पाऊस पाडत बसतो. ढग, मातीचा वास, पागोळ्या, पुन्हा ढग. बाहेर पोरं खेळत असायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पहिला पाऊस गाळला. इतका बेमालूम गाळला की मलाच अभिमान वाटला. आवाज न बदलता एका परिच्छेदाच्या शेवटावरून तिसऱ्याच्या सुरुवातीवर.

आजी काही बोलली नाही. मी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग म्हणाली, "आता मागे जा. पाऊस पडत होता, तिथे."

तिने ते पुस्तक आधी वाचलेलं होतं. सगळीच वाचलेली होती. त्या दोन महिन्यांत तिने मला एकही नवीन पुस्तक हातात दिलं नाही. मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना तेच तेच लागतं. पुढे कधीतरी विचारलं तर म्हणाली, नवीन पुस्तक काय म्हणून दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं? तू काय गाळलंस मला कसं कळणार?

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पंधरा-वीस दिवसांत ती जाड चष्मा लावून स्वतः वाचायला लागली आणि माझी नोकरी गेली. मला वाईट वाटलं होतं याचं मला आजही नवल वाटतं.

तर माझा नियम तोच आहे. न वाचलेलं पुस्तक ऐकायचं नाही. मित्र हसतात. त्यांच्या मते ध्वनिपुस्तक हे वाचायला वेळ नसणाऱ्यांसाठी असतं आणि मी वेळ घालवायला ते वापरतो. असेल. पण डोळ्यांनी वाचताना जे वाक्य माझ्या आत एका तऱ्हेने वाजून बसलंय, ते दुसऱ्याच्या गळ्यातून कसं येतं हे बघण्यात मला गंमत वाटते. कधी भांडण होतं, कधी मुकाट्याने मान्य करावं लागतं की इतकी वर्षं आपण हा संवाद चुकीच्या रागात ऐकत होतो. पहिल्यांदाच ऐकत असतो तर भांडायला माझ्याकडे काही नसतं. त्याने 'येतो' म्हटलं तसाच तो आला असता.

आणि आपल्या लिपीत तर वाचणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता. च, ज, झ यांचे उच्चार दोन आणि अक्षर एक. 'जग' लिहिलं तर ते पाण्याचं आहे की आपण राहतो ते, हे डोळ्याला कधी विचारावंच लागत नाही. जीभ मात्र तशी सुटत नाही, तिला ठरवावंच लागतं. मध्यंतरी एका पुस्तकात 'जरा आली' असं होतं. म्हातारपण आलं या अर्थाने, गंभीर जागी. वाचणाऱ्याने ते 'जरा थांब'मधल्या जरासारखं वाचलं. जरा आली. म्हणजे थोडीशी आली. मी रस्त्यात एकटाच हसलो. अलीकडे यंत्राने तयार केलेले आवाज वाचतात, त्यांची तर 'जरा'पाशी हटकून विकेट पडते. त्यांचं मला एवढंच खटकतं असं नाही. ते मध्येच श्वास घेतात. कशाला?

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात त्याचे दहा उपयोग लिहून काढले. पहिला, पत्रं सांगणं. दुसरा, अंधांसाठी बोलणारी पुस्तकं. संगीत चौथ्या क्रमांकावर होतं. हे वाचल्यापासून मला तो माणूस जवळचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र पुस्तकांना बरीच वर्षं थांबावं लागलं, कारण तबकडीवर मावणार किती? ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलती पुस्तकं सुरू झाली. त्यामागे इयन फ्रेझर होते, १९१६ साली सोमच्या लढाईत दृष्टी गेलेले. ती तबकडी मुद्दाम सावकाश फिरवायची, तेव्हा एका बाजूला २५ मिनिटं मिळायची. मग उठायचं, बाजू उलटायची. एका कादंबरीला दहाएक तबकड्या. कादंबरीतला पाऊस बरोबर बाजूच्या शेवटी येऊन अर्धवट थांबत असेल, आणि कुणीतरी चाचपडत जाऊन तो उलटा करून पुन्हा सुरू करत असेल. मी तो नुसता गाळत होतो.

याहून मला आवडते ती क्यूबातली गोष्ट. हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवायला माणूस ठेवत. पगार कामगारच आपल्यात वर्गणी काढून देत, त्यामुळे ऐकायचं काय तेही तेच ठरवत. तो उंच जागी बसून वाचणार, खाली रांगेने माणसं तंबाखूची पानं वळणार. वाचन आवडलं की हातातल्या पानं कापायच्या सुरीने लाकडी फळीवर ठकठक करायची. मालकांना आणि सरकारला ते फार काळ रुचलं नाही, पुढल्याच वर्षी बंदी आली, मग पुन्हा सुरू झालं, असं चालू राहिलं. मला त्या बंदीपेक्षा ती ठकठक ऐकू येते. हात गुंतलेले, डोकं रिकामं. त्यांच्याकडे मोजे नव्हते एवढंच.

बायकोला हे सगळं मान्य नाही. ती दीडपट वेगाने ऐकते. तिच्या कानातलं पुस्तक मध्येच बाहेर सांडतं तेव्हा कुणीतरी आगगाडी पकडायला निघाल्यासारखं वाटतं. मी म्हणतो, त्या माणसाने दोन वाक्यांमध्ये मुद्दाम थांबा घेतलाय, तो तू चेंगरतेस. ती म्हणते, थांबे काढले तरी गोष्ट कळते. यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, एक गंमत ऐकवतो, दीडपट करू नकोस. पण आधी ते राहिलं, मग विसरलो, आणि चार दिवसांनी फोन पुढे करून लावलं तर धाकटा दारापाशी गेला, "येतो मी" म्हणाला आणि थोरला खिडकीतून बाहेर बघू लागला. एकदाच. कुणीतरी कळवलं असणार, कुणीतरी तत्परतेने दुरुस्त केलं असणार. मागे-पुढे करून पाच वेळा ऐकलं. दोनपैकी कुठलं ठेवलं होतं? पहिल्यांदा मला ते नक्की पहिलं वाटलं. तिसऱ्यांदा दुसरं.

"काय गंमत आहे यात?" ती म्हणाली.

मग कपाटातून पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला. छापलेल्या पानावर दोनच शब्द, पुढे पूर्णविराम, त्यातून काहीच कळत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. एकदा जाणारा धाकटा, एकदा येणारा. आवाज न काढता. तिने दोन्ही ऐकले आणि म्हणाली, "बरं. थांबलास का? पुढे वाच की."

मी वाचत गेलो. धाकटा जिना उतरला, रस्त्याला लागला, कोपऱ्यावर वळला. आणि पाऊस आला. चांगला दीड परिच्छेद.

मी तो गाळला. तिच्या काही लक्षात आलं नाही. म्हणजे, अजून दोन पानं वाचून झाली तरी ती काही बोलली नव्हती.