मित्राचं काम

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दादरला शिवाजी मंदिरात प्रयोग संपला की रंगपटात भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "इतकी वर्षं नाटकात आहात, मग दरवेळी नायकाच्या मित्राचंच काम का करता?" परवा तुम्हीही विचारलंत, आणि सामान आवरायच्या घाईत उत्तर राहून गेलं.

मी ते काम मागून घेतो.

परळला एका एकांकिकेची तालीम चालली होती. ती वेळेत बसेना, म्हणून दिग्दर्शकाने मित्राचं पात्रच काढलं. होती तरी किती, १२ वाक्यं. पण दुसऱ्या दिवशी तालीम उभी राहीना. गिरणी बंद पडून घरी बसलेला तो नायक बायकोपुढे उसनं अवसान आणायचा, मुलावर आवाज चढवायचा; खरं बोलायचा ते फक्त मित्रापाशी. आता तेच शब्द त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणावे लागले आणि त्यांचं भाषण झालं. चौथ्या दिवशी मित्र परत आला. नायकाची निम्मी वाक्यं आपोआप गळाली, कारण न बोलता समजून घेणारा समोर बसला होता. एकांकिका वेळेतही बसली!

तेव्हापासून नाटक वाचायला घेतलं की मी आधी मित्र शोधतो. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकातला मैत्रेय माझा सर्वांत लाडका. नायक चारुदत्ताच्या भरभराटीत त्याच्याकडे मोदक खाऊन तृप्त असलेला हा विदूषक, गरिबी आल्यावर दिवसभर कुठेकुठे भटकतो आणि मुक्कामाला मात्र पारव्यासारखा त्याच घरी परततो. चारुदत्त माणूस कसा आहे, हे शूद्रकाला वेगळं सांगावंच लागत नाही. नवव्या अंकात चारुदत्तावर त्याच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. तिचे दागिने परत करायला निघालेला मैत्रेय तसाच न्यायालयात धावतो, आळ घेणाऱ्या शकारावर संतापतो, झटापट होते आणि काखेतले दागिने भर सभेत खाली पडतात. तोच पुरावा ठरतो. शत्रूच्या कपटाला जे पुरतेपणी साधलं नव्हतं, ते मित्राच्या मायेने घडतं. कितीदा वाचलं तरी इथे माझा घसा दाटतो.

गडकऱ्यांचंच पाहा. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त रामलाल विलायतेला निघून जातो आणि मग तळीरामाचा दारूचा प्याला नायक सुधाकरापुढे येतो. खरा मित्र जवळ असता तर? हा प्रश्न मला त्या नाटकात शेवटपर्यंत सोडत नाही.

काम म्हणाल तर ते मुख्यतः ऐकण्याचं. शंभराव्या प्रयोगातही नायकाचं दुःख पहिल्यांदाच कानावर पडल्यासारखं ऐकायचं. माझी नजर ढळली की बाल्कनीतल्या माणसाचंही लक्ष उडतं. मी ऐकतोय म्हणून तोही ऐकत असतो.

मागे एका रविवारी दुपारच्या प्रयोगाला आमचा नायक ऐन प्रसंगात वाक्य विसरला. विंगेतून आलेला शब्द त्याच्यापर्यंत पोचला नाही. मी उठलो, त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि पाठीवर हात ठेवला. त्याने एक श्वास घेतला, वाक्य आलं. ती हालचाल संहितेत नव्हती. पुढच्या प्रयोगापासून दिग्दर्शकाने ती तशीच ठेवली आहे.