अर्ध्या बादलीची आंघोळ

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात भर दुपारी एक बाई वाण्याच्या काउंटरवर पापड, मेतकूट आणि भाजणीच्या पुड्या रचत होत्या. शेजारी मुलगी मोबाईलमधली यादी वाचत उभी.

"ताई, फॉरेन पॅकिंग करू?"

"करा हो दादा. केनियाला चाललीय, तीन महिने, शाळेत शिकवायला. तिथल्याच कुणाच्या तरी घरी राहणार. खायला काय मिळेल देव जाणे."

दादांनी जाड प्लास्टिकचा रोल ओढला.

प्लास्टिकबद्दल आधी सांगून टाकतो. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि ती पाहुण्यांनाही लागू आहे. ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा नैरोबीच्या विमानतळावरच ठेवायची. सुटं सामान कापडी पिशव्यांत आणि स्टीलच्या डब्यांत न्यावं. डबे नंतर त्या घरातही कामाला येतात.

पण जाणाऱ्याच्या आईला घोर लागतो तो जेवणाचा. मला विचाराल तर घोर आंघोळीचा लागायला हवा. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावर वाढलेल्या मुलीला पाणी म्हणजे नळ एवढंच माहीत असतं. सोसायटीत रोज टँकर येतात, पण ते वॉचमन आणि सेक्रेटरी बघतात. नौपाड्यातल्या जुन्या चाळींत पहाटे पाणी यायचं त्या वेळी अख्खा मजला जागा असायचा. आधी पिण्याचा हंडा, मग कळशा, मग मोरीतलं पिंप. पिंपाच्या तळाशी उरलेलं पाणी कोणी सांडलं तर आजी दुपारपर्यंत बोलत बसायची. त्या मोरीत वाढलेला माणूस केनियातल्या खेड्यात पहिल्या दिवशीच रुळतो. अडचण होते ती शॉवरवाल्यांची.

तिथे पाण्याचं माप म्हणजे पिवळा कॅन. मूळचा खाद्यतेलाचा, 20 लिटरचा, म्हणजे भरला की 20 किलो. बोअरवेल किंवा सार्वजनिक नळ लांब असेल तर तो कोणीतरी पाठीवरून, सायकलवरून नाहीतर गाढवावरून घरी आणलेला असतो. आपली दोन बादल्यांची आंघोळ म्हणजे असे दोन कॅन. ते कोणी बोलून दाखवत नाही. पाहुण्याला हटकायचं नाही हे तिथेही आहेच. फक्त त्या दिवशी घरातल्या कोणाची तरी आंघोळ राहते.

तेव्हा आंघोळ अर्ध्या बादलीत बसवायची, साधारण 10 लिटरमध्ये. पाणी कोळशाच्या शेगडीवर तापतं. शेगडीला तिथे जिको म्हणतात, आणि पातेल्याला दांडा किंवा कान नसतात, त्यामुळे उचलताना जाड फडकं हवंच. बादलीत आधी गार पाणी घ्यायचं आणि मग त्यात कढत ओतायचं. उलट केलं तर प्लास्टिक मऊ पडतं आणि वाफ हातावर येते. तीन तांबे अंगावर घेऊन थांबायचं, साबण लावायचा, मग पाच-सहा तांब्यांत तो काढायचा. केसांचा दिवस वेगळा ठेवायचा. त्या दिवशी वाकून डोकं टबमध्ये धुवायचं आणि तेच पाणी संडासात टाकायला ठेवायचं. जीन्स नेऊच नये. एक जीन्स धुवायला अर्धा कॅन लागतो आणि पावसाळी हवेत ती दोन दिवस वाळत नाही. आतले कपडे मात्र स्वतःचे स्वतः धुवायचे, ते दुसऱ्याच्या ढिगात टाकणं तिथे फार वाईट दिसतं.

आणि स्वेटर न्या. विषुववृत्त म्हणजे उकाडा अशी समजूत करून घेऊन ठाणेकर सुती कपड्यांची बॅग भरतो. नैरोबी, नाकुरू, केरिचो ही सगळी महाबळेश्वराहून उंचावर आहेत. जुलै-ऑगस्टच्या रात्री तिथे दोन पांघरुणं लागतात. त्याच उंचीमुळे पाणीही 94 अंशांच्या आसपासच उकळू लागतं आणि कडधान्य शिजता शिजत नाही. मका आणि राजमा एकत्र शिजवून गिथेरी करतात, ती तास-दोन तास चुलीवर असते. जेवण उशिरा का, हे विचारण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

जेवणाचं खरं तर फार अवघड नाही. न्देंगू म्हणजे आपले मूग, तेरेरे म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, चपाती तर भारतीयांबरोबर गेलेली, फक्त जाड आणि तेलाला सढळ. चहा दुधासकट उकळलेला, भरपूर साखरेचा. उगाली पहिल्या दिवशी नवी वाटते. पांढऱ्या मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांड्याने घोटायचं आणि गोळा ताटात उलटायचा. कोकणातली तांदळाची उकड खाल्लेल्याला ती परकी नाही, मीठ मात्र नसतं. उजव्या हाताने लिंबाएवढा तुकडा मोडायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात सुकुमा विकी ही पालेभाजी उचलायची. जेवणाआधी कोणीतरी जगमधून तुमच्या हातावर कोमट पाणी सोडतं, खाली टब धरलेला असतो. तेवढ्यात हात धुऊन व्हायला हवेत. मग प्रार्थना. त्या वेळी मोबाईल खिशात.

शाकाहारी असाल तर ते ताट समोर येण्याआधी सांगायचं, शक्यतो जाण्याआधी, पाठवणाऱ्या संस्थेमार्फतच. पाहुण्यासाठी कोंबडी कापणं हा मान आहे. कापल्यावर नको म्हणण्यासारखी दुसरी पंचाईत नाही. नुसतं "मांस खात नाही" म्हटलं तर तुकडे बाजूला काढून रस्सा वाढतात, म्हणून रस्साही चालत नाही हे वेगळं सांगावं लागतं. आणि काय खात नाही ते एका वाक्यात सांगून, काय आवडतं ते चार वाक्यांत सांगावं. घरच्या बाईला खरी अडचण असते ती उद्या काय करू याचीच.

पोहे-उपमा करून खायला घालायची हौस बहुतेकांना येते. त्यापेक्षा त्यांच्याच तांदळाची आणि मुगाची खिचडी करावी, मिरची एकच घालावी. तिखटाची सवय नसलेल्या मुलांना ठेचा चाखवून हसणं हा काही पाहुणचार नव्हे.

घड्याळात फसायला होतं. सूर्य बारा महिने साडेसहाच्या आगेमागे उगवतो, तेवढ्यालाच मावळतो, म्हणून स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला. सांगितलेल्या आकड्यात सहा मिळवायचे. "तीन वाजता निघू" म्हणजे सकाळी नऊला, आणि तुम्ही दुपारी तयार होऊन बसलात तर गाडी कधीच गेलेली असते. मात्र तोच माणूस इंग्रजीत बोलताना इंग्रजी वेळ सांगतो. ज्या भाषेत वेळ ऐकली त्या भाषेतच ती पक्की करून घ्यावी.

वीज बऱ्याच घरांत प्रीपेड असते. पैसे भरले की 20 आकडी टोकन येतं, ते मीटरमध्ये टाकायचं. इस्त्री आणि पाण्याची किटली युनिट्स खातात, फोन फारसा नाही. पिना चौकोनी तीन, म्हणजे अडॅप्टर इथूनच न्यावा. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी आणि तिचं पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर ठेवावं, कारण केनियाहून परत येताना ते आपल्याच विमानतळावर मागतात.

भाड्याचे पैसे संस्था परस्पर त्या घराला देते, तिथे आपण नाक खुपसू नये. पण आठवड्याला दोन किलो साखर, मक्याच्या पिठाची दोन किलोची पिशवी, चहापत्ती असं काही आणून स्वयंपाकघरात निमूट ठेवावं. रोख रक्कम मुलांच्या हातात कधीच देऊ नये. घरी फोन करायचा तर ठाण्यातले दुपारचे साडेचार म्हणजे तिथले दोन, रविवारची ही वेळ बरी. तिथल्या रात्रीच्या जेवणानंतर करायचा म्हटलं तर इथे साडेअकरा वाजतात आणि आई उगाच जागी राहते.

एवढं सगळं जमलं की महिन्याभरात ती धाकट्या मुलांची ताई होते. अडचण खरी तिथून पुढे आहे. त्या घरात तुमच्या आधी कोणी राहून गेलेलं असतं आणि नंतरही येणार असतं. परत जायची तारीख पहिल्याच आठवड्यात मुलांना भिंतीवरच्या कॅलेंडरात दाखवावी. निरोपाच्या दिवशी गळा दाटला की तोंडातून निघतं, "हिच्या फीचं मी बघेन." निघू देऊ नका. केनियात शाळेच्या टर्म वर्षाला तीन असतात आणि फी टर्मच्या सुरुवातीलाच मागतात. तुम्ही ठाण्यात येऊन कामाला लागता, आणि तिकडे पुढच्या टर्मचा हिशेब तुमच्या त्या एका वाक्यावर मांडलेला असतो.