सकाळचं पाणी, दुपारचं पाणी

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मी एका माणसाला दारात अडवलं आणि दहाच्या आत एका बाईंना सोडलं. दोघांच्या पायांत सारखंच बळ होतं. दोन उन्हाळे उलटून गेले, तरी ती दहा-पंधरा मिनिटं मनातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसलोय.

मी क्रूझ जहाजावर डेक विभागात आहे, अकरा वर्षं झाली. गाव आचरे, तालुका मालवण. उन्हाळाभर आमचं जहाज ग्रीसमध्ये असतं. पिरेयसहून निघायचं, मिकोनोस, ऱ्होड्स, क्रीटमधलं हेराक्लिओन, सँटोरिनी, पात्मोस करत सात रात्रींनी परत पिरेयसला यायचं. प्रवाशांच्या हातातल्या कागदावर ही सगळी नावं एका रांगेत, एकाच टायपात छापलेली असतात. आमच्या लेखी मात्र त्यांच्या दोन जाती आहेत. ऱ्होड्स आणि हेराक्लिओनला जहाज धक्क्याला लागतं. दोर बांधले, गँगवे म्हणजे उतरायचा उतार टाकला की माणसं आपल्या पायांनी, काठीने, व्हीलचेअरवर, जशी असतील तशी खाली उतरतात. सँटोरिनी आणि पात्मोसला तसं होत नाही. मिकोनोसला शहराच्या उत्तरेला तुर्लोसचा नवा धक्का आहे, पण तिथे जागा असेल तरच. नसेल तर बाहेर नांगर टाकायचा आणि टेंडर लावायचं.

टेंडर म्हटलं की आपल्याकडे लोकांना निविदा आठवते. कोकणातल्या जुन्या माणसाला एका शब्दात सांगता येतं: पडाव. मुंबईची आगबोट मालवणला बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं ट्रंका-बोचक्यांसकट पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. भूमध्य समुद्रात आज जे चालतं ते हेच. फक्त आमचा पडाव बंदिस्त असतो, त्याला इंजिन असतं, आणि जहाज बुडायची वेळ आली तर तोच लाइफबोट होतो. लाइफबोट म्हणून त्यात १५० माणसं बसवायची सोय आहे. टेंडर म्हणून चालवताना आम्ही शंभराच्या आसपास थांबतो. सँटोरिनीला तर जहाज नांगरसुद्धा टाकत नाही. ज्वालामुखीने खचलेल्या त्या खोऱ्यात पाणी इतकं खोल आहे की नांगर तळाला टेकणार नाही. तिथे इंजिनावर जागा धरून ठेवायची आणि माणसं न्यायला गावातल्या नाववाल्यांच्या बोटी येतात. वर जायला केबल कार आहे, पायऱ्या आहेत, गाढवं आहेत. परतीच्या केबल कारच्या रांगेत लोकांची अर्धी दुपार जाते, हेही त्यांना आधी कोणी सांगत नाही.

माझी जागा प्लॅटफॉर्मवर. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या जरा वर, एक लोखंडी दरवाजा उघडतो आणि त्याच्याबाहेर एक पडवीएवढा मंच निघतो. टेंडर येऊन त्याला चिकटतं. पुढचा दोर आणि मागचा दोर घट्ट, मध्ये धक्के झेलणारे फेंडर. तरीही मंच हलतो जहाजाबरोबर आणि टेंडर हलतं लाटेबरोबर, आणि दोघांचा ताल कधीच एक नसतो. मधली फट कधी चार बोटं, कधी हातभर. त्या फटीवरून दिवसाला दोन-अडीच हजार माणसं जातात आणि तेवढीच परत येतात. दोन खलाशी दोन बाजूंना. प्रवाशाचा पंजा धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं आणि त्यालाही आपलं मनगट धरायला लावायचं, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. उन्हाळ्यात प्रत्येकाच्या हाताला सनस्क्रीन चोपडलेलं असतं. तेल लावलेला मासा धरावा तसा हात निसटतो, म्हणून मी कमरेला कोरडं फडकं लावून ठेवतो आणि दर पाच-सहा माणसांनी तळवे पुसतो. मोबाईल खिशात ठेवा म्हणून सांगावं लागतं. उडी मारू नका म्हणून सांगावं लागतं. पाऊल टाकायचं असतं, उडी मारायची नसते. उडी मारणारा माणूस कुठे पडेल हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक नसतं.

आणि चाचणी. दाराच्या आत जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. ज्याच्या चालण्याबद्दल शंका असेल त्याने या पट्टीवरून त्या पट्टीवर, कशाचाही आधार न घेता, पाऊल टाकून दाखवायचं. आधार घेतला तर तो टेंडरला जाणार नाही. आमच्या जहाजाचा हा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो, कारण मंचावर धरायला भिंत नसते.

त्या सकाळी आम्ही मिकोनोसला बाहेर नांगरावर होतो. एक उंच, पांढऱ्या मिशांचे जर्मन गृहस्थ आले. चाकांचा वॉकर. त्यांनी पाऊल टाकलं आणि हात भिंतीला गेला. मी म्हटलं, सॉरी सर. ते वाद घालत बसले नाहीत. बायकोला म्हणाले, तू जाऊन ये. ती टेंडरमध्ये बसली. ते आतल्या बाकावर, दाराच्या समोरच, बसून राहिले.

थोड्या वेळाने महाराष्ट्रातून आलेला एक ग्रुप आला. त्यातल्या एक आजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखरे, हातात काठी. पट्टीवरून पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी आजोबांच्या खांद्याला धरलं. मी नियमाप्रमाणे बोलणार, एवढ्यात त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पाटी वाचली आणि मालवणीत विचारलं, "खयचो रे तू?"

"आचऱ्याचो."

"माझा म्हायार धुरीवाड्याचा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की सहा वर्षांच्या असताना मालवणला आगबोटीवरून वडलांनी त्यांना वरून खाली सोडलं होतं आणि पडावातल्या खलाशाने झेललं होतं. "तेवा भियालंय नाय, तर आता कित्या भियान?"

समुद्र तेलासारखा सपाट होता. मी आणि माझ्या जोडीदाराने त्यांना दोन बाजूंनी धरलं आणि अलगद टेंडरमध्ये ठेवलं. फट चार बोटांचीही नव्हती. बाकावरचे गृहस्थ हे सगळं बघत होते.

मेल्टेमी नावाचा वारा तिथे उन्हाळ्यात उत्तरेकडून येतो. आपल्या पावसाळी वाऱ्यासारखा तो ढग घेऊन येत नाही. आकाश निळंभोर राहतं आणि पाणी पांढरं होत जातं. म्हणूनच प्रवाशांना त्याचा अंदाज येत नाही. सकाळी मंद असतो, दुपारी उठतो. त्या दिवशी एकच्या सुमारास उठला. नांगरावरचं जहाज आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभं राहतं, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच मारा. मग ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, बाजूला ढकलणारे थ्रस्टर लावून जहाज आडवं करतात, जेणेकरून आमच्या दाराच्या बाजूला आडोसा मिळेल. वारा अडतो. पण लाट जहाजाच्या मागून वळसा घालून येते, तिला कोण अडवणार?

कॅप्टनने शेवटचं टेंडर साडेपाचवरून साडेतीनवर आणलं. तक्रारींचा पाऊस पडणार हे माहीत असूनही आणलं, आणि यासाठी मी त्यांना मानतो. पण किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला हे कळणार कसं? घाटावर आमची दोन माणसं फळा घेऊन उभी, आणि ॲपवर सूचना. गल्ल्यांमधून हिंडणारी माणसं कुठलं ॲप बघतात! आजींच्या ग्रुपबरोबर गाइड होता म्हणून ती मंडळी तीनच्या टेंडरने परत आली.

तेव्हा टेंडर मंचापाशी जवळजवळ मीटरभर वरखाली होत होतं. लाटा सारख्या येत नाहीत. दोन-तीन मोठ्या येतात, मग थोडी उसंत मिळते. आणि मोठ्या लाटेवरसुद्धा टेंडर वर जाऊन खाली यायच्या आधी क्षणभर ठरतं. तो क्षण पकडून माणूस काढायचा. आमचा फिलिपिनो कॉक्सन, म्हणजे टेंडर चालवणारा, इंजिनावर टेंडर असं दाबून धरत होता की मी त्याच्याइतका चांगला हात आजवर पाहिलेला नाही. एकेक करून नव्वद माणसं आली. आजोबाही आले. ही आमची चूक. त्यांना आधी घ्यायला नको होतं.

आजी उंबऱ्यावर थिजल्या. पाऊल पुढे आलं आणि मागे गेलं. पुन्हा आलं, मागे गेलं. एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे, याच्याइतकं वाईट त्या जागी काही नाही. आमचा तरुण थर्ड ऑफिसर "मॅडम, स्टेप! स्टेप!" म्हणून ओरडत होता. पोरगा कामाला चांगला आहे, पण इंग्रजी मोठ्याने बोललं की समजतं असं त्याला वाटतं. मंचावरून आजोबा त्यांना हाका मारत होते, त्याने त्या आणखी घाबरत होत्या.

दुसरे मार्ग दोनच. त्यांना टेंडरमधून परत किनाऱ्यावर पाठवायचं, म्हणजे परक्या बेटावर रात्र काढून पुढच्या बंदरापर्यंत त्यांची त्यांनी सोय बघायची. किंवा त्यांच्यासकट टेंडर तारांवर वर उचलून घ्यायचं. हा दुसरा मार्ग बोलायला सोपा आहे. २०१३ साली कॅनरी बेटांतल्या ला पाल्मा बंदरात ड्रिलच्या वेळी लाइफबोटीची तार तुटली आणि पाच खलाशी गेले. तेव्हापासून माणसं आत असताना बोट उचलायची म्हटली की आमच्यातल्या प्रत्येकाची नजर आधी तारेवर जाते.

मी रेडिओवर परवानगी घेतली आणि टेंडरमध्ये उतरलो. त्यांच्या पाठीमागे गेलो, काखेत हात घातला. म्हटलं, "आजये, पाण्याकडे बघू नको. पलीकडच्या झिलाच्या टोपयेकडे बघ. मी सांगतंय तेवाच पाय टाक." एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. त्यांचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. तिसरीवर टेंडर वर गेलं, ठरलं, आणि मी म्हटलं, "आता." त्या गेल्या. डावा गुडघा लोखंडी कडेला खरचटला, काठी फटीतून पाण्यात गेली. बाकी काही झालं नाही.

आत खुर्चीवर बसवल्यावर त्यांचे हात थरथरत होते. मी पाणी दिलं. त्या रागावल्या नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "सकाळी तू नाय म्हणाक व्हया होतंस रे."

आजोबांना मी विचारलं, बुकिंग करताना टेंडरबद्दल काही सांगितलं होतं का? ते म्हणाले, कागदावर फक्त "मिकोनोस दर्शन" होतं, आणि उतरायचा काही त्रास नाही असं ऑफिसातून तोंडी सांगितलं होतं. या गोष्टीची मला खरोखर चीड आहे. सत्तरीच्या माणसांकडून लाखांत पैसे घेता, तर कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठे पडावात उतरायचं आहे, एवढी एक ओळ मराठीत लिहायला काय लागतं? पण ती ओळ नव्हती म्हणून माझी पट्टी पुसली जात नाही. पट्टी होती. मी उभा होतो. माझ्या कानावर माझी बोली पडली, आणि मी सकाळच्या पाण्याकडे बघून उत्तर दिलं. ते दुपारच्या पाण्याकडे बघून द्यायचं असतं. जाणं सगळ्यांना जमतं, आम्ही माणूस सोडतो तो परत येऊ शकेल का हे बघून.

संध्याकाळी घटनेचा रिपोर्ट लिहिला. लाट वाढल्यामुळे प्रवासी महिला टेंडरमधून उतरताना अडखळल्या, किरकोळ जखम, प्रथमोपचार केले. प्रत्येक शब्द खरा होता. सकाळच्या चाचणीबद्दल मला कोणी विचारलं नाही आणि मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऱ्होड्स. जहाज धक्क्याला लागलं. जुन्या शहराची तटबंदी तिथून समोरच दिसते, चालत काही मिनिटांवर. माझी ड्यूटी गँगवेच्या तोंडाशी होती. मराठी ग्रुप गेला, त्यात आजी नव्हत्या. मग ते जर्मन गृहस्थ आले, वॉकर ढकलत, बायको शेजारी. उतारापाशी थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "आज चालेल ना?"

"चालेल, सर," मी म्हटलं आणि बाजूला झालो.